तूर फुलावर, पण वावरात भुणभुण नाही! मधमाशी गेली कुठे, परत आणायची कशी?

भिवापूर : घरामागच्या कुंपणावर आईने कोहळ्याचा वेल चढवला होता. वेल जोमात, फुलं पिवळीधम्मक, पण कोहळं एकही धरेना. बोराएवढं फळ दिसायचं आणि चार दिवसांत पिवळं पडून गळायचं. "फुलं तं लय लागते बाबू, पण धरत नाही," आई म्हणायची. मी कृषी केंद्रातून टॉनिक आणून फवारलं. फरक शून्य. शेवटी एक दिवस सकाळी तिनेच नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि मादी फुलावर घासलं. आठ दिवसांत ते कोहळं मुठीएवढं झालं. म्हणजे वेलाला रोग नव्हताच. माशी नव्हती.

माशी का नव्हती, याचं थोडं उत्तर माझ्याच वावरात आहे. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. काही वर्षांपूर्वी तूर भर फुलावर होती आणि घाटेअळी दिसली. दुकानदाराने सांगितलं तशी तीन औषधं एकाच पंपात मिसळली आणि सकाळी दहा वाजता फवारा सुरू केला. मजूर त्याच वेळी येतात, म्हणून तीच वेळ. दुसऱ्या दिवशी तुरीच्या ओळीत आणि विहिरीजवळच्या ओल्या जागेत मधमाश्या मरून पडलेल्या होत्या. धुऱ्यावरच्या जुन्या पळसाच्या ढोलीत सातेरीचं मोहोळ होतं, मी शाळेत होतो तेव्हापासूनचं. आठवड्याभरात ती ढोली गप्प झाली.

अळी मेली, पण तिच्यासोबत फुकटात राबणारा गडीही मेला. आपल्या तालुक्यात जवळपास प्रत्येक वावरात हे घडतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही, कारण मधमाशी बैलासारखी दावणीला बांधलेली नसते. म्हणून हा लेख.

आपल्याकडे मधमाश्या कोणत्या?

सगळ्यांना एकच माशी माहीत असते, ती म्हणजे आग्या. उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला, पुलाखाली एकच मोठं पोळं लटकतं ते आग्यामोहोळ. ही माशी फुलोऱ्यामागे फिरते. पावसाळ्यात दिसली नाही म्हणजे संपली असं नाही, फुलं आली की ती परत येते, बरेचदा त्याच झाडावर.

दुसरी सातेरी. ती झाडाच्या ढोलीत, वारुळात, जुन्या भिंतीच्या पोकळीत अंधारात राहते आणि एकाशेजारी एक अशी सात-आठ पोळी बांधते. म्हणून तिचं नाव सातेरी. तिला लाकडी पेटीत पाळता येतं.

तिसरी फुलोरी. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं एकच पोळं करते. धुऱ्यावरच्या बोरी-बाभळीत ही असायची. चौथी अगदी बारकी, डंख नसलेली. भिंतीच्या भोकातून मेणाची छोटी नळी बाहेर काढून राहते. बरेच जण तिला चिलट समजतात.

याशिवाय पाचवी आहे पेटीतली मेलिफेरा, म्हणजे परदेशी माशी. भारतात ती १९६० च्या दशकात हिमाचलमध्ये नगरोटा इथे रुजवली गेली. आज बाजारातला बराचसा मध तिचाच असतो. एखाद्या भागात पेट्या वाढल्या म्हणून रानातली माशी वाढली असं होत नाही, हे लक्षात ठेवा. पेटीतल्या माशीला मालक आहे. आग्या, सातेरी, फुलोरीला कोणी मालक नाही, आणि आपल्या वावरात येतात त्या बहुतेक याच.

काळा मोठा भुंगा, जो वाळल्या लाकडात भोक पाडून राहतो, तोसुद्धा याच कुळातला. तुरीच्या फुलावर तो फार काम करतो.

माशी नसली तर नुकसान कुणाचं?

सगळ्या पिकांना माशी सारखी लागत नाही. गहू, धान, ज्वारी यांना तिची गरज नाही. सोयाबीन आणि हरभरा बहुतेक आपल्या आपणच फळतात. तुरीचं फूलही स्वतः फळतं, पण माशी-भुंगा बसला तर शेंग धरायला मदत होते.

कोहळं, काकडी, कारलं, दोडका, लौकी, टरबूज या वेलांचं तसं नाही. त्यांचं नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. पराग एकावरून दुसऱ्यावर कुणीतरी न्यावाच लागतो. माशी नाही तर फळ नाही, किंवा धरलं तरी वाकडं, एका बाजूने आखडलेलं. काकडी शेंड्याला बारीक होऊन वळली की आपण खत कमी पडलं म्हणतो. बरेचदा पराग कमी पडलेला असतो. सूर्यफूल, मोहरी, कांद्याचं बी, सांबाराचं बी, जांभूळ, आंबा, संत्रा यांनाही माशीचा मोठा आधार आहे.

आता आपल्या भिवापुरी मिरचीचं. भौगोलिक मानांकन मिळालेली ही आपली मिरची. मिरचीचं फूल स्वतःच्या परागाने फळतं, पण माशी फिरली तर फळात बी चांगलं भरतं. यात एक गोष्ट मात्र सांभाळायची. माशी शेजारच्या संकरित मिरचीचा परागही आणते. ज्यांना भिवापुरीचं अस्सल बी घरी धरायचं आहे, त्यांनी बियाण्याचा तुकडा संकरित मिरचीपासून लांब ठेवावा किंवा बियाण्याच्या झाडांवर फुलं उमलण्याआधी बारीक जाळी टाकावी. त्यासाठी माशीला मारायची गरज नाही.

मग माशी कमी का झाली?

पहिलं कारण फवारा, आणि त्यातही फवाऱ्याची वेळ. हिवाळ्यात सकाळी नऊ-दहा वाजता ऊन तापलं की माशी बाहेर पडते आणि दुपारी तीन-चारपर्यंत फुलांवर असते. आपले मजूरही त्याच वेळात असतात. म्हणजे ज्या घडीला फुलावर माशी जास्त, त्याच घडीला आपण विष मारतो.

डब्यावरच्या रंगाने फसू नका. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. तो माणसाला आणि जनावराला ते किती विषारी आहे हे सांगतो, माशीला किती ते नाही. निळ्या-हिरव्या त्रिकोणाचं औषधही माशीला मारू शकतं. माशीबाबतची सूचना आत घडी करून ठेवलेल्या कागदावर बारीक अक्षरात असते. तो कागद आपण दुकानातच टाकून येतो.

काही औषधं आंतरप्रवाही असतात. बियाण्याला लावली किंवा पानावर मारली तरी झाडाच्या रसात जातात आणि पुढे फुलाच्या मधात, परागात उतरू शकतात. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम त्यातलीच. ती थोड्या प्रमाणात पोटात गेली तर माशी लगेच मरत नाही, पण घराची वाट चुकते. याच कारणाने युरोपियन युनियनने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडीन यांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. आपल्याकडे ती सर्रास चालतात.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले. तेव्हा आपण सगळे हादरलो होतो. अनेक औषधं एकत्र कालवून मारण्याची सवय किती घातक आहे, यावर तेव्हा खूप बोलणं झालं. जे मिश्रण धट्ट्याकट्ट्या माणसाला पाडतं, ते एवढ्याशा माशीचं काय करत असेल?

दुसरं कारण तणनाशक. पूर्वी धुऱ्यावर तरोटा, रानतुळस, एकदांडी, बोर, तरवड असं काहीबाही फुललेलं असायचं. आता धुरासुद्धा तणनाशक मारून पिवळा करतात, "साफ दिसते" म्हणून. माशीला बारा महिने खायला लागतं. तूर फुलते दोन महिने. बाकीचे दहा महिने ती धुऱ्यावर आणि जंगलावर जगते. धुरा जळाला की तिची चूल विझली.

तिसरं, पिकं बदलली. आपल्या बापाच्या काळात एका वावरात ज्वारी, तीळ, अंबाडी, जवस, मोहरी, लाखोळी असं मिळून असायचं. एक संपलं की दुसरं फुलायचं. आता पावसाळ्यात सोयाबीन आणि पऱ्हाटी, हिवाळ्यात हरभरा आणि गहू. मैलभर एकच पीक. माशीसाठी ते हिरवं वाळवंटच.

चौथं, जाळ. मध काढताना रात्री टेंभा लावून पूर्ण मोहोळ जाळतात. किलो-दोन किलो मधासाठी हजारो माश्या, अंडी, पिलं सगळं राख. उन्हाळ्यात मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. तो वणवा ढोलीतल्या सातेरीला आणि जमिनीत बिळ करून राहणाऱ्या माश्यांनाही खातो. आपल्या तालुक्याला कऱ्हांडल्याचं जंगल लागून आहे. तिथे वणवा लागला की नुकसान फक्त वनखात्याचं होत नाही.

मोबाईलवर फिरणारं खरं किती?

"माशी संपली की चार वर्षांत माणूस संपेल, असं आइन्स्टाइन म्हणाले होते," हा मेसेज दरवर्षी फिरतो. आइन्स्टाइन असं बोलल्याचा कुठलाच पुरावा नाही. आणि वर सांगितल्याप्रमाणे गहू-धानाला माशी लागत नाही, त्यामुळे भाकर-भात राहील. पण भाजी, फळं, तेलबिया कमी होतील आणि महाग होतील. गरिबाच्या ताटातलं तेच आधी जाईल.

"बीटी कपाशीमुळे माश्या मेल्या," असंही ऐकतो. बीटीचं प्रथिन ठरावीक अळ्यांवर चालतं. मधमाशीवर त्याचा वाईट परिणाम अभ्यासात दिसलेला नाही. माशीला मारतो तो पऱ्हाटीवरचा फवारा.

अमेरिकेत २००६-०७ च्या हिवाळ्यात पेट्यांतल्या माश्या अचानक गायब झाल्याची बातमी जगभर गाजली होती. दक्षिण भारतात १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने सातेरीच्या बहुतेक वसाहती संपवल्या होत्या. म्हणजे रोगानेही माशी जाते. पण रोग थांबवणं तुमच्या-माझ्या हातात नाही. फवाऱ्याची वेळ आहे.

काय करता येईल? पैसा लागत नाही, सवय बदलावी लागते

१) पीक फुलावर असताना सकाळी-दुपारी फवारा नको. हिवाळ्यात दुपारी चारनंतर माशी परतायला लागते. चार ते साडेपाच ही वेळ धरा. औषध रात्रभरात वाळतं. आता कोणी म्हणेल, संध्याकाळी वावरात वाघ-डुकराची भीती आहे. खरं आहे, जंगलाकाठच्या गावांत अंधार पडेपर्यंत थांबू नका. दोन माणसं सोबत घ्या आणि एका दिवसात सगळं न करता दोन-तीन दिवसांत तुकड्या-तुकड्याने मारा. मजुराशी वेळ आधी बोलून ठेवा. यंदा मी अर्ध्या दिवसाची मजुरी ठरवून दुपारी तीनला बोलावतो, औषध कालवून तयार व्हायला चार वाजतातच.

२) अळी मोजल्याशिवाय मारू नका. तुरीत एका झाडावर सरासरी एक-दोन अळ्या दिसल्या तरच औषधाचा विचार करा. कामगंध सापळे लावा. पक्ष्यांना बसायला काड्यांचे मचाण रोवा. बगळा, कोतवाल, साळुंकी अळ्या वेचतात.

३) पहिला फवारा निंबोळी अर्काचा करा, तुरीला कळी धरायला लागते तेव्हा. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्याने गाळा. एक लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम साबण विरघळवून त्यात टाका आणि एकूण शंभर लिटर पाणी करा. हा झाला पाच टक्के अर्क. निंबोळ्या उन्हाळ्याच्या शेवटी झाडाखाली फुकट पडलेल्या असतात, तेव्हाच वेचून वाळवून ठेवा. हा अर्कसुद्धा संध्याकाळीच मारा.

४) तीन-चार औषधं एकत्र कालवणं बंद करा. आणि शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगा. त्याच्याकडे पेट्या असतील तर तो दार बंद करू शकतो.

५) वेलभाजीवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं. काकडी, कारलं, कोहळं सकाळी उमलतं, पण दोडक्याचं आणि लौकीचं फूल संध्याकाळी उमलतं. त्यामुळे दोडक्याला संध्याकाळचा फवारा फूल उमलायच्या आधी आटोपला पाहिजे आणि औषधही सौम्यच हवं.

६) एक तरी धुरा सोडा. सगळे नाही जमत तर एक. त्यावर तणनाशक मारू नका. शेवगा, हादगा, करंज, बोर लावा. शेवगा वर्षातून बरेच दिवस फुलतो आणि शेंगाही विकता येतात. पिकाच्या कडेने तीळ, अंबाडी, मोहरी, जवस, झेंडू यांची एक-एक ओळ टाका. घरचं तेलही होईल.

७) वाळलेलं झाड, जुना खोड अडचण करत नसेल तर उभा राहू द्या. भुंगा आणि सातेरी तिथेच राहतात.

८) उन्हाळ्यात पाणी ठेवा. मातीच्या पसरट भांड्यात पाणी आणि त्यात खडे किंवा पोत्याचा तुकडा, म्हणजे माशी बुडत नाही. फवाऱ्याचा पंप मात्र विहिरीवर, बोडीवर धुऊ नका. माशी तेच पाणी पिते आणि गुरंही तेच पितात.

मोहोळ दिसलं तर?

मोहोळ गर्दीच्या जागेपासून लांब असेल तर त्याला हात लावू नका. दगड मारू नका, खाली धूर करू नका. शाळा, मंदिर, टाकीजवळ असेल तर ग्रामपंचायतीला किंवा वनविभागाला सांगून जाणकार माणूस बोलवा. माश्या उठल्याच तर हात झाडत उभे राहू नका. तोंड कापडाने झाका आणि सरळ घरात किंवा गाडीत पळा. डंख नखाने खरवडून लगेच काढा. खूप डंख लागले, दम लागला, ओठ-तोंड सुजलं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा.

मध काढणाऱ्यांसाठी आपल्या शेजारीच, वर्ध्यात, चांगली वाट तयार झाली आहे. १९३४ मध्ये तिथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हापासून मधमाशी पालन वर्ध्याच्या कामात आहे. पुढे दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने आग्याचा मध माशी न मारता काढायची पद्धत मध गोळा करणाऱ्या आदिवासींना शिकवली. गोष्ट साधी आहे. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या, फांदीकडच्या जाड भागात असतो आणि अंडी-पिलं खालच्या भागात. अंगावर संरक्षक कपडे घालून फक्त मधाचा भाग कापायचा, पिलांचा भाग तसाच ठेवायचा. माश्या पोळं सोडत नाहीत, पुन्हा बांधतात आणि त्याच मोहोळातून पुन्हा मध मिळतो. पिळून काढलेल्या, अळ्या मिसळलेल्या मधापेक्षा हा स्वच्छ मध भावही चांगला घेतो.

पेट्या ठेवायच्या का?

ठेवता येतात. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची मध केंद्र योजना आहे. प्रशिक्षण मिळतं आणि पेट्यांसाठी ५० टक्के अनुदान असतं. चौकशी नागपूरच्या जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात करावी. याच मंडळाने २०२२ मध्ये सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे देशातलं पहिलं "मधाचं गाव" केलं. तिथे जंगल आहे, फुलं आहेत आणि गावाने माशी सांभाळायचं ठरवलं आहे.

पण क्रम उलटा करू नका. आधी फुलं आणि विष नसलेली हवा, मग पेटी. अनुदानाची पेटी आणून शेजारी सकाळी दहाला फवारा चालू असेल तर ती पेटी महिन्याभरात रिकामी होईल आणि आपण म्हणू, योजनाच खोटी.

शेवटी

एका वावराने भागत नाही. माशी आपला सातबारा पाहून फिरत नाही. सातेरी घरापासून जवळपास किलोमीटरभर फिरते, म्हणजे तिच्या एका फेरीत दहा-वीस शेतकऱ्यांची वावरं येतात. मी संध्याकाळी फवारलं आणि शेजाऱ्याने सकाळी, तर माशी मेलीच. म्हणून ही गोष्ट ग्रामसभेत बोलायची आहे, की तूर फुलावर असताना गावात सकाळी फवारा नाही. ठराव करायला पैसा लागत नाही. नांद असो, मालेवाडा असो की बेसूर, एखाद्या गावाने सुरुवात केली तर आम्ही त्याची बातमी आनंदाने करू.

माझ्या धुऱ्यावरच्या पळसाच्या ढोलीत अजून सातेरी परतली नाही. दोन हिवाळे झाले मी वेळ पाळतो, एक धुरा सोडलाय. यंदा बोरीत फुलोरीचं एक पोळं लागलंय, तळहाताएवढं. आईच्या वेलावर यंदा सहा कोहळी धरली. तिला फूल घासावं लागलं नाही.